पराणीची सावली

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी दरवर्षी दलित आत्मकथनांतील निवडक उताऱ्यांचे अभिवाचन करतात. मागील वर्षी हा कार्यक्रम संपल्यावर एक पालक आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हे सगळं आमच्या आईबापांनी भोगलं. लेकरांना तरी सुखाचं काही ऐकू द्या. आणि एवढं दुःखाचं ऐकून लोक टाळ्या कशा काय वाजवतात?" त्यांच्या पहिल्या म्हणण्याला आमच्याकडे तयार उत्तर होते. इतिहास विसरणारा समाज वगैरे वाक्ये शिक्षकाच्या जिभेवर सदैव तयार असतात. टाळ्यांच्या प्रश्नाने मात्र आम्हांस निरुत्तर केले.

प्रश्न जुना आहे. शोकांतिका पाहून करुणा व भय या भावनांचे विरेचन होते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाचा युक्तिवाद असा की, करुणरसात केवळ दुःखच असते तर तो अनुभवावयास कोणी गेलेच नसते. ज्याअर्थी लोक जातात, त्याअर्थी त्यात सुख आहे. दोन्ही उत्तरे विचार करण्याजोगी आहेत. परंतु दोन्हींत प्रेक्षक सुरक्षित जागी बसलेला आहे आणि रडणारा कोणी दुसराच, बहुधा राजकुळातला, आहे.

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि ही बैठक मोडली. एकाच पुस्तकापुढे दोन वाचक बसले. एकाला त्यात स्वतःचे घर दिसले, दुसऱ्याला आपल्याच गावाची न पाहिलेली बाजू दिसली. या दोघांना मिळणारा आनंद एकच आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दलित साहित्याला आनंदाची फूटपट्टी लावू नये, ते वाचकाला अस्वस्थ करण्यासाठी आहे, अशी भूमिका शरणकुमार लिंबाळे यांनी मांडली, ती याच कारणाने आम्हांस मोलाची वाटते.

तरीही एक कबुली द्यावीशी वाटते. महाविद्यालयात असताना 'बलुतं' आम्ही एका रात्रीत वाचून काढले आणि आम्हांस आनंद झाला होता. तो दुःखाचा आनंद नव्हता. आमच्या घरात जे दाराआड, आवाज खाली करून बोलले जाई, ते छापील अक्षरांत, आमच्याच बोलीत, कोणाचीही परवानगी न घेता उभे होते. छातीवरचा धोंडा कोणीतरी दुसऱ्या बाजूने उचलू लागला, असे वाटले. लाज एकट्याची असते तोवरच ती लाज असते.

वसतिगृहातील मुले हे आपल्यापेक्षा चांगले जाणतात. दिवे मालवल्यावर खोलीत भुतांच्या गोष्टी रंगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचा तास आम्हीच घेतलेला असतो, तरी रंगतात! घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला भीती असतेच. गोष्टीमुळे ती दहा जणांत वाटली जाते. गोष्ट ऐकताना मुले एकमेकांच्या पांघरुणात सरकतात, ते उगीच नाही.

अजिंठ्याच्या सहलीतही हेच दिसते. सोळाव्या लेण्यात 'मरणासन्न राजकुमारी' म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे. नंदाने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता ऐकून कोसळलेली ही त्याची पत्नी सुंदरी, असे अभ्यासक मानतात. इतर ठिकाणी मुलांना शांत करावे लागते. येथे ती आपोआप गप्प होतात आणि हलत नाहीत. याच नंद-सुंदरीच्या कथेवर अश्वघोषाने 'सौंदरनंद' रचले. काव्याच्या अखेरीस तो सांगतो की, ही रचना मनोरंजनासाठी नसून शांतीसाठी आहे. कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून त्यात मध घालतात, तसे येथे काव्य आहे. म्हणजे आनंद नाकारावयाचा नाही, परंतु तो मध आहे हे लक्षात ठेवावयाचे.

मधच चाटून औषध टाकून देणाऱ्यांचे काय? संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा येते. लोकांना हसवणारा, रिझवणारा नट मृत्यूनंतर देवांच्या संगतीत जातो, हे खरे काय, असे तो भगवंतांना विचारतो. भगवंत दोनदा हा प्रश्न टाळतात. तिसऱ्यांदा मात्र सांगतात की, आधीच राग, द्वेष, मोह यांनी बांधलेल्या लोकांचे ते बंध जो आणखी घट्ट करतो, त्याची गती चांगली नव्हे. तालपुट रडला आणि पुढे भिक्खू झाला. यावरून बुद्धधम्माला कलेचे वावडे आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. आम्हांस तो पटत नाही. आक्षेप बंध घट्ट करण्यावर आहे. खऱ्या खुनांची नाट्यरूपे चवीने दाखवणाऱ्या मालिका किंवा कोणाला मारहाण होतानाची भ्रमणध्वनीवर फिरणारी चित्रफीत, यांना हा आक्षेप आजही तंतोतंत लागू पडतो.

मग कसोटी कोणती? पाली साहित्यात 'संवेग' हा शब्द आहे. दुःख पाहून मनाला बसलेला असा हादरा, जो माणसाला स्वस्थ बसू देत नाही. अंगुत्तरनिकायात चार घोड्यांचा दृष्टान्त आहे. एक घोडा पराणीची नुसती सावली पाहून सावध होतो. दुसरा ती केसांना टोचल्यावर, तिसरा कातडीला आणि चौथा थेट हाडाला लागल्यावर. माणसेही तशीच. अमुक गावी कोणी दुःखात आहे किंवा मरण पावले एवढे ऐकूनच जो हलतो, तो पहिल्या प्रकारचा. आमच्या मते शोकात्म कला ही त्या पराणीची सावली आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना ती हाडापर्यंत लागली. मुलांना ती तशी लागू नये म्हणून तर ही शाळा आहे. परंतु सावलीही दाखवावयाची नाही, हे आम्हांस मान्य नाही. कारण ज्यांना सावली ओळखता येत नाही, त्यांना पुढे ती टोचल्यावरच कळते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आम्ही वसतिगृहात दाखवला. डुक्कर पकडण्याच्या प्रसंगात पडद्यावरचे गाव हसते, तशी आमची काही मुलेही हसली. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तेव्हा खोलीत शांतता पसरली. हसलेल्यांपैकी एकाने रात्री येऊन विचारले, "सर, तो दगड मला होता का?" आम्ही त्याला उत्तर दिले नाही.

आता त्या टाळ्यांविषयी. दोष मुलांचा किंवा श्रोत्यांचा नव्हता, आमचा होता. अभिवाचन संपताच आम्ही ध्वनिवर्धकावर पुढच्या समूहनृत्याची घोषणा करीत होतो. रडून झालेल्या माणसाला टाळी वाजवून पुढे सरकण्याखेरीज दुसरे काही करावयास आम्ही वावच ठेवला नव्हता. यंदा अभिवाचन शेवटी ठेवले आहे. त्यानंतर सभागृहातील दिवे लावून अर्धा तास मोकळा राहील आणि ज्यांना बोलावयाचे आहे ते बोलतील. पहिले बोलणे त्या पालकांनी करावे, अशी विनंती आम्ही त्यांना केली आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.