सरचिटणिसांची वंशावळ

भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाचा इतिहास मराठीत बहुधा वंशावळीच्या रीतीने सांगितला जातो. १९२५ च्या कानपूर अधिवेशनानंतर घाटे, १९३३ मध्ये अधिकारी, मग जोशी. १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात जोशींच्या जागी रणदिवे. १९५० मध्ये रणदिव्यांच्या जागी राजेश्वर राव, पुढच्याच वर्षी अजय घोष. १९६२ मध्ये डांगे अध्यक्ष आणि १९६४ मध्ये फूट. बखरीत राजे बदलतात, येथे ‘लाइन’ बदलते. कथनाची रचना मात्र तीच. या रचनेत कर्तृपदी सदैव सरचिटणीस असतो. कामगार आणि शेतकरी कर्मपदी उभे असतात.

याहून गंभीर बाब अशी, की पक्षाच्या ठरावांतील दूषणे इतिहासलेखनात स्वभावचित्रे म्हणून वावरतात. जोशी ‘सुधारणावादी’, रणदिवे ‘साहसवादी’, डांगे ‘पुनर्विचारवादी’: ही विशेषणे विजयी गटाने पराभूत गटाला दिलेली आहेत. ज्यांना डांगे १९८१ मध्ये पक्षातून काढले गेलेले दिसतात, त्यांना १९२८ चे डांगेही त्या शेवटाच्या उजेडात दिसू लागतात. कादंबरीतील निवेदक कोण, त्याचा वर्ग कोणता, हे विचारणाऱ्या मराठीतील मार्क्सवादी समीक्षेने हाच प्रश्न ठरावाच्या निवेदकाला क्वचितच विचारला. संहितेविषयीचा संशय पक्षाच्या दाराशी येऊन थांबला.

१९२८ च्याच गिरणी संपाचे उदाहरण घ्यावे. त्यातून आकारास आलेल्या गिरणी कामगार युनियनचे सरचिटणीस डांगे होते, हे सर्वज्ञात आहे. अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते आणि १९२९ च्या मीरत खटल्यात डांग्यांसमवेत आरोपीही होते. सरकारने ज्याला नेता म्हणून पकडले, त्याला वंशावळीने मात्र नेता मानलेले नाही.

दुसरे उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली उठावाचे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले, ते गोदावरी परुळेकरांच्या नावाने पसरविलेल्या खोट्या निरोपावरून, अशी नोंद चळवळीच्या बाजूने झाली आहे. पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. नेता अनुपस्थित होता. उपस्थित होते ते त्याचे नाव, आणि त्या नावाला वारल्यांनी दिलेला अर्थ. म्हणजे नेतृत्व ही व्यक्तीच्या ठायी वसणारी मालमत्ता नसून अनुयायांनी घडविलेले चिन्ह आहे. गोदावरीबाईंच्या १९७० च्या ग्रंथाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे आहे. त्यातील कर्ता माणूस आहे. तरीही तो ग्रंथ एका त्यागी विदुषीचे आत्मकथन म्हणूनच वाचला जातो, हा वाचनाचा दोष होय.

यावर आक्षेप येईल, की लोकशाही केंद्रीकरणावर उभ्या पक्षात निर्णय वरूनच होतात; १९४८ च्या निर्णयाने शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले, ते काही चिन्हमीमांसेमुळे नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. आदेश वरून येतो. तो कोण, कसा आणि कोणत्या बोलीत ऐकतो, यावर त्याचे भवितव्य ठरते. ऐकणाऱ्याला वगळून लिहिलेला इतिहास आदेशांची नोंदवही ठरतो.

हा वाद केवळ ग्रंथालयापुरता नाही. वारली उठाव झाला, त्या जुन्या जिल्ह्यातच भिवंडीजवळचे दापोडे आहे. भातखाचरांच्या जागी तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत आणि त्यांत कंत्राटी हमाल माल चढवितात-उतरवितात. ‘येथे नेतृत्वच नाही’, असा निष्कर्ष अभ्यासक सहज काढतात. वस्तुतः हा निष्कर्ष दापोड्यातून निघत नाही. तो वंशावळीतून निघतो. जेथे सरचिटणीस नाही, तेथे तिला माणूसही दिसत नाही. वारल्यांना बिनचेहऱ्याचा जमाव ठरविणारी दृष्टी आणि ही दृष्टी यांत फरक काय, याचे उत्तर समीक्षकांनी द्यावयाचे आहे.