जागा मिळाली, पण वाट?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी महाविद्यालयीन प्रवेशाची चर्चा सुरू होते. कोणती शाखा घ्यावी, कोणत्या गावी ठेवावे, वसतिगृहाचा खर्च कसा भागवावा, याचा विचार आईवडील करू लागतात. परंतु ज्या घरातील मुलगी कुबड्यांच्या आधाराने चालते, त्या घरी याआधी आणखी एक प्रश्न उभा असतो: त्या इमारतीला पायऱ्या किती आहेत? मुलीचे गुण कितीही चांगले असोत, तिच्या शिक्षणाचा निर्णय पुष्कळदा या पायऱ्यांपाशीच होतो. म्हणून या वेळी आपण याच प्रश्नाचा विचार करू.

म्हैसूर शहरात कुक्करहळ्ळी तलावाजवळ मानसगंगोत्री नावाचा विस्तीर्ण परिसर आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाचा हा परिसर असून त्याला हे सुंदर नाव कन्नड महाकवी कुवेंपू यांनी दिले. याच परिसरात १९६५ साली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. ऐकू न येणारी बालके, बोलताना अडखळणारे तरुण, पक्षाघातानंतर वाचा गमावलेले वृद्ध अशा सर्वांची तेथे तपासणी व उपचार होतात. या कार्यासाठी लागणारे तज्ज्ञही तेथेच शिक्षण घेतात. निरनिराळ्या राज्यांतील कुटुंबे आपल्या मुलांना घेऊन या संस्थेत येतात.

या संस्थेच्या कार्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. ती ही की, अपंगत्व दर वेळी डोळ्यांना दिसतेच असे नाही. चाकांच्या खुर्चीतील विद्यार्थ्याची अडचण दारातच कळते. कमी ऐकू येणारा विद्यार्थी मात्र इतरांसारखाच बाकावर बसलेला असतो. तो अध्यापकांच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखतो. अध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचे व्याख्यान तेथेच तुटते. मग तो गप्प बसतो आणि लोक समजतात की त्याचे लक्ष नाही. वर्गाकडे तोंड करून बोलावे, महत्त्वाच्या सूचना फळ्यावर लिहाव्यात, यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. लागते ती केवळ जाणीव.

कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले व अध्ययन-अक्षमतेसारख्या न दिसणाऱ्या अडचणींनाही त्यात स्थान मिळाले. सरकारी व सरकारी साहाय्य घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी, ज्यांचे अपंगत्व किमान ४० टक्के आहे अशा विद्यार्थ्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखून ठेवल्या पाहिजेत, आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत त्यांना पाच वर्षांची सवलत दिली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. परंतु यादीत नाव लागणे आणि वर्गात जाऊन बसणे यांत अंतर आहे. पहिल्या मजल्यावरच्या वर्गाला उद्वाहक नसेल, तर राखीव जागा कागदावरच राहते.

हे अंतर कमी करणे फार अवघड आहे काय? उतरणीचाच हिशेब पाहा. सर्वमान्य प्रमाण एकास बाराचे आहे. म्हणजे एक फूट उंची चढावयाची तर उतरण बारा फूट लांब हवी. सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फूट पुरतात. याहून उभी उतरण केली तर खुर्चीतील माणसाला ती एकट्याने चढवत नाही, आणि उतरताना तोल जाण्याचे भय असते. नुसता सिमेंटचा उतार ओतला म्हणजे काम झाले, असे नव्हे. स्वच्छतागृहाचे दार खुर्ची आत जाईल इतके रुंद हवे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तके ब्रेलमध्ये किंवा संगणकाने वाचून दाखवता येतील अशा रूपात मिळाली पाहिजेत, आणि गरज असेल त्याला परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळाला पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, त्याचा हक्क आहे.

यात कुटुंबांचाही वाटा आहे. प्रवेश घेण्यापूर्वी आईवडिलांनी मुलासह महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून यावे. वर्ग, ग्रंथालय, स्वच्छतागृह व वसतिगृह येथपर्यंत तो स्वतः पोहोचू शकतो काय, हे तपासावे. समान संधी कक्ष आहे काय, याची चौकशी करावी आणि मुलाची गरज लेखी कळवावी. संकोचाने ती लपवून ठेवल्यास नुकसान मुलाचेच होते.

ज्यांची मुले धडधाकट आहेत, त्यांनीही त्यांना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. उतरणीच्या तोंडाशी दुचाकी लावू नये. तेवढ्याने एखाद्याचा तो दिवस वाया जातो. आणि मदत करण्यापूर्वी विचारावे. वर्गमैत्रिणीला खुर्चीसकट उचलून वर नेणाऱ्या मुलांचा हेतू चांगलाच असतो. परंतु रोज चौघांच्या हातांवरून वर्गात जाणे तिला आवडेलच असे नाही. तिला स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या बळावर यावयाचे असते. त्याच चार मुलांनी प्राचार्यांकडे जाऊन तिचा वर्ग तळमजल्यावर आणविला, तर तिला खरे साहाय्य होईल. पुढच्या वर्षी येणाऱ्या एखाद्या अनोळखी विद्यार्थ्यालाही मग पायऱ्या मोजत बसावे लागणार नाही.