माळाला पडीक म्हणणं आधी बंद करा

मंडळी, जुलै आला आणि पोस्टर फिरायला लागली. "चला, उजाड माळ हिरवागार करूया!" शनिवारी सकाळी सात वाजता जमायचं, टी-शर्ट आणि नाश्ता मिळेल, येताना घमेलं-फावडं आणा. खाली पाचसात नेत्यांचे गोल फोटो. गेल्या आठ दिवसांत मला अशी चार आमंत्रणं आली आणि चारही ठिकाणं माळरानंच आहेत.

पोस्ट लांब होणार आहे आणि काही मित्रांना झोंबणार आहे. तुम्ही मनापासून झाडं लावता, पदरचे पैसे घालता, हे मला माहीत आहे. तरीही म्हणतो की आपल्या पट्ट्यात, म्हणजे माण-खटाव, फलटण, सांगोला, करमाळा, कर्जत, इंदापूर, बारामतीच्या जिरायती भागात, माळावर दाट झाडं लावणं हे निसर्गाचं नुकसान आहे. चांगल्या हेतूने केलेलं असलं तरी नुकसानच.

आधी साधा भूगोल बघू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडीला या, तो पाचशेच्या आतबाहेर. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्याकडे वारा येतो. हे काल-परवाच्या जंगलतोडीने झालेलं नाही. सह्याद्री उभा आहे तेव्हापासून आपण त्याच्या पर्जन्यछायेत आहोत, आणि इथली जमीन, गवत, झुडपं, पाखरं त्या हिशोबानेच घडली आहेत. खाली हातभर मुरूम, त्याखाली कातळ, चार महिने पाऊस (तोही लहरी) आणि आठ महिने ऊन. अशा जागी जे उगवतं ते कोकणासारखं दिसणारच नाही.

पण आपल्या डोक्यात जंगल म्हणजे कोकण. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापासून ते बसलंय. हिरवं आणि गर्द असेल तर जंगल, पिवळं आणि मोकळं असेल तर उजाड. एप्रिलमध्ये माळावर उभं राहून "इथं काहीच नाही" म्हणणारा माणूस मला रात्री बाजारात जाऊन दुकानं बंद आहेत म्हणून गाव ओस पडलं म्हणणाऱ्यासारखा वाटतो.

त्या "काहीच नाही"मध्ये काय असतं ते बघा. नेपतीच्या झुडपाला बहुतेक वर्षभर पान नसतं, कारण पान म्हणजे पाणी उडायची जागा. तिच्या हिरव्या काड्याच पानाचं काम करतात आणि ऐन उन्हाळ्यात तिला लालसर फुलं येतात. हिंगणबेटाचे काटेसुद्धा हिरवे. पळस पानं टाकतो आणि मग फुलतो. डोंगरउतारावरची सालई उन्हाळाभर नागडी उभी असते, मेली असं वाटतं, आणि त्याच अवस्थेत तिला मोहर येतो. माकडशिंगी तर दिवसा श्वासाची दारं लावून घेते आणि रात्री गार पडल्यावर उघडते, म्हणजे हवा आत येते पण पाणी बाहेर जात नाही. बोर, हिवर, खैर, तरटी, तरवड, हेंकळ, आपटा, धावडा, प्रत्येकाची दुष्काळ काढायची रीत वेगळी. (बाळंतिणीच्या लाडवातला डिंक बाभळी-धावड्यासारख्या झाडांच्या जखमेतून येतो, हे आता सांगावं लागतं.)

आणि गवत. माळाचा खरा मालक तोच. पवन्या, डोंगरी, मारवेल, कुसळी. कुसळीचं कुसळ तुमच्या सॉक्समध्ये घुसतं तेव्हा शिवी देण्याआधी ते हातात घेऊन बघा. त्याला पीळ असतो. दव पडलं, पाऊस आला की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो. असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत पेरतं. ना ट्रॅक्टर, ना खड्डा, ना टँकर. वरचं गवत मार्चमध्ये वाळून कडब्यासारखं होतं पण खाली गड्डा आणि मुळ्या जिवंत असतात. माळाची खरी साठवण जमिनीखाली असते आणि कार्बनही तिथेच असतो, वणवा लागला तरी सहसा न जळणारा.

आता आपण काय करतो? तिथे जेसीबी लावून समतल चर काढतो. जुन्या गवताचे गड्डे उपटून मुरमाचे बांध घालतो. मग दीड-दीड फुटांचे खड्डे आणि त्यात गिरिपुष्प. त्यालाच काही ठिकाणी उंदीरमारी म्हणतात. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ते का निवडतात? भरभर वाढतं, फांदी खोचली तरी जगतं आणि ताज्या पाल्याला आपली गुरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे जनावर खात नाही हा त्या झाडाचा गुण! ज्या माळावर शेकडो मेंढ्या जगायच्या तिथे मेंढी खाणार नाही असं झाड मुद्दाम लावायचं, आणि त्याच्या सावलीत गवत मरतं, कारण ही गवतं कडक उन्हात वाढणारी. पाच-सात वर्षांनी फोटोत हिरवं दिसतं. खाली वाकून बघितलं तर पालापाचोळ्याशिवाय फारसं काही नसतं. पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन बघा, मी सांगतोय ते पटेल.

मग दुष्काळ पडतो आणि चारा छावणी उघडते. 2018-19 आठवतंय ना? नगर, बीड, सोलापूर, आपल्याकडे पण. ऊस तोडून जनावरांना घातला. सरकारचे पैसे गेले, माणसं जनावरांबरोबर छावणीत राहिली. आणि त्याच 2019 च्या पावसाळ्यात राज्याचं लक्ष्य होतं 33 कोटी रोपं. आधीच्या वर्षी 13 कोटी, त्याआधी 4 कोटी. एका हाताने कुरण खोदायचं, दुसऱ्या हाताने छावणीला अनुदान द्यायचं. ती रोपं किती जगली हे विचारायला पुढे विधिमंडळ सदस्यांची समिती नेमायची वेळ आली. माझा प्रश्न तर त्याच्याही आधीचा आहे. ती रोपं लावताना किती गवत गेलं, हे कुणी मोजलं का?

"पडीक" हा शब्द कुठून आला तेही जरा बघा. इंग्रजांच्या वसूल खात्याला ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती त्यांच्या लेखी वाया गेलेली. निसर्गाशी त्या शब्दाचा संबंध नव्हता, हिशोबाच्या वहीशी होता. इंग्रज गेले, वही राहिली. आजही केंद्र सरकारचा पडीक जमिनींचा अॅटलास निघतो आणि त्यात झुडपी, खुरट्या रानाचे स्वतंत्र रकाने आहेत. एकदा कागदावर पडीक पडलं की मग तिथे काहीही चालतं. सौर प्रकल्प, एमआयडीसी, मुरमाची खाण, नाहीतर वृक्षारोपण. यातलं शेवटचं सगळ्यात फसवं, कारण त्याला विरोध करणारा माणूस लगेच झाडांचा शत्रू ठरतो.

हल्ली याला बाजारही मिळालाय. केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेत फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार विरळ जंगल, झुडपी रान आणि पडीक जमिनीवर हेक्टरी किमान 1100 झाडं लावली की कंपनीला श्रेय मिळायचं. 2025 मध्ये नियम बदलले. आता पाच वर्षांनी 40 टक्के छत्र झालेलं दाखवावं लागतं. आधीपेक्षा बरं, असं काहींना वाटलं. आपल्या माळासाठी हे आणखी वाईट आहे. विरळ झाडं आणि मधे गवत हेच ज्याचं निरोगी रूप, त्याला 40 टक्के झाकलंत तर तुम्ही ते यशस्वीपणे संपवलंत. आणि श्रेय त्याचंच मिळणार.

"अहो पण पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, लोकांनी तोडलं." हे मला प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी ऐकवतं. कुठला पुरावा? आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी जुनं मराठी वाङ्मय, कथा-ओव्या यातले झाडाझुडपांचे उल्लेख काढून 2025 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ, काटेरी रानं किमान साडेसातशे वर्षं तरी अशीच आहेत. म्हणजे चक्रधरस्वामींच्या काळापासून. ज्या झाडांची नावं तिथे येतात त्यातली बरीच उघड्या, उन्हाच्या रानातली. अभ्यास वाचायचा नसेल तर एसटीच्या पाट्या वाचा. हिवरे, बाभुळगाव, बोरगाव, हिंगणगाव, खैरगाव, पळसदेव. आपल्या पूर्वजांनी गावांना जी नावं दिली ती बहुतेक काटेरी झाडांची. आजूबाजूला जे होतं तेच त्यांनी घेतलं.

या रानाचे रहिवासीही मोकळ्या जागेचे. माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चंडोल, पखुर्डी, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या, चिंकारा, काळवीट, खोकड. आणि लांडगा, जो देशभरात मिळून तीनेक हजारांच्या घरात उरलाय, म्हणजे वाघाइतकाच दुर्मिळ, पण त्याच्यासाठी कुणी टी-शर्ट छापत नाही. नान्नजला माळढोकसाठी 1979 मध्ये अभयारण्य केलं, आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. 2022 मध्ये नामिबियाहून चित्ते विमानाने आणले तेव्हा गवताळ प्रदेश वाचवायचेत असं सांगितलं होतं. मग इथल्या गवताने काय घोडं मारलंय?

धनगर बांधवांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच. मेंढरं रान खातात हे सगळे बोलतात, पण पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर कोकणाकडे जायचं आणि पावसाळ्यात परत यायचं, या फिरण्यामुळे माळाला विश्रांती मिळायची. प्लॉट पाडून, तारा ठोकून ते वाटच बंद करतात आणि उरलेल्या तुकड्यावर मेंढरं दाटली की त्यालाच बोल लावतात.

माळ आहे तसा उत्तम आहे, असं मी म्हणत नाहीये. खूप ठिकाणी चराईने खरवडून गेलाय, वेडी बाभूळ पसरलीय, मुरूम रातोरात उचलला जातो. त्याला उपाय लागतोच. पण तो उपाय बहुतेक वेळा कमी करण्यात आहे. आळीपाळीने चराईबंदी ठेवा, गवत बी धरल्यावर कापून न्या, पवन्या-मारवेलचं बी टाका, वेडी बाभूळ मुळासकट काढा, जेसीबी येऊ देऊ नका. हिवरे बाजारने मोकाट चराई बंद करून गवत कापून न्यायची शिस्त लावली, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, हीच त्यातली अडचण.

आणि झाडं लावायची हौस आहे ना, जरूर लावा. ओढ्याच्या काठी, बांधावर, शाळेत, स्मशानभूमीत, एसटी स्टँडवर, रस्त्याच्या कडेला. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब. रुंदीकरणात आपल्या डोळ्यांदेखत रस्त्याकडेचे जुने वड पडले तेव्हा यातले किती हात अडवायला आले होते? ती झाडं तोडली आणि बदल्यात रोपं लावली कुठे, तर माळावर. म्हणजे वडही गेला, माळही गेला आणि कागदावर हिशोब बरोबर.

विदर्भातली बातमी तुम्ही वाचली असेल. तिथल्या सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगलाला सुप्रीम कोर्टाने 22 मे 2025 रोजी वनजमीन म्हटलं. महसूल खात्याच्या लेखी ज्याची किंमत नव्हती त्या झुडपांना निदान कायद्याचं नाव मिळालं. आपल्या गायरानांना आणि माळांना तेवढंही संरक्षण नाही. ते ग्रामसभेच्या हातात आहे, आणि ग्रामसभेला आपण जात नाही.

तर शनिवारच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना जाहीर विचारतो. ती जागा कोणत्या गटात आहे? तिथे आज कोणतं गवत आहे, हे कुणी जाणकाराने बघितलंय का? रोपं कोणती? चर काढणार का? गावातल्या मेंढपाळांना विचारलंय का? आणि पाच वर्षं पाणी कोण घालणार? उत्तरं मिळाली तर इथेच जशीच्या तशी टाकेन. ओढ्याकाठी आणि शाळेभोवती लावायचं ठरवलंत तर मी फावडं घेऊन येतो, नाश्ता नको.

ज्यांच्या गावात गेल्या पाच-सात वर्षांत माळावर लागवड झाली, त्यांनी आज त्या जागेचा फोटो काढून कॉमेंटमध्ये टाका. वर्ष आणि झाड लिहा, आणि आधी तिथे गुरं चरायची का तेही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या माळावरच्या गवतांची नावं विचारून घ्या. आमच्याकडे अकरा नावं निघाली, त्यातली चार मला ओळखताही येत नाहीत.