गाडीच्या मागे सायकल लटकवू नका

"माउंटन बाइक न्यायला गाडीला कुठला रॅक घेऊ?" हा प्रश्न आता वणीसारख्या गावातही विचारला जातो, याचा मला आनंदच आहे. आधी गिअरवाली सायकल आली, मग जाड टायर आले, डिस्क ब्रेक आले, आणि आता ती गाडीवर टाकून डोंगरात न्यायची हौस आली. चांगलंच आहे. वाईट एवढंच वाटतं, की या प्रश्नाला जो तो एकच उत्तर देतो: "डिक्कीला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक घे. स्वस्त आहे, कोणत्याही गाडीला बसतो, दोन मिनिटांत लागतो." नात्यातल्या दोघांनी हे उत्तर ऐकून पैसे काढायची तयारी केली आहे, म्हणून हे लिहायला बसलो. माझं म्हणणं सरळ आहे. हा रॅक आपल्या गाड्यांसाठी नाही, आपल्या रस्त्यांसाठी नाही, आणि वणीच्या माणसाने तर तो घेऊच नये.

पण आधी दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेतो. हे लोक म्हणतात, "सायकल चालवायची तर घरून चालवत जा की! गाडीच्या टपावर सायकल नेणं हे कसलं सायकलिंग?" ऐकायला छान वाटतं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. जवळपास पाच हजार किलोमीटरची ही शर्यत, आणि तिच्यातही सायकलस्वाराच्या दिमतीला गाड्या असतातच. तिथे कोणी त्यांना "हे कसलं सायकलिंग" म्हणत नाही. मग आपल्या पोरांनी सायकल गाडीत घालून डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेली तर कोणाच्या पोटात का दुखावं?

आणि वणीतून घरून चालवत जायचं म्हणजे कुठून जायचं, हेही या लोकांनी सांगावं. आपल्या तालुक्याच्या पोटात कोळसा आहे. नीलजई, मुंगोली, उकणी, कोलगाव, जुनाड ही नावं बाहेरच्यांना फक्त गावांची वाटतील, आपल्याला ती वेकोलिच्या खाणींची म्हणून माहीत आहेत. घुग्गुसकडे जा नाहीतर वरोऱ्याकडे, सोबतीला कोळशाचे ट्रक आहेतच. राजूरकडे चुनाभट्ट्या. कोरपना-गडचांदूरकडे वळलात तर कोळशाच्या जागी सिमेंटचे ट्रक. रस्त्याच्या कडेला सायकलसाठी म्हणून जी जागा असायला हवी, तिथे काळी भुकटी आणि सांडलेला खर साचलेला असतो. त्यावर टायर घसरला की माणूस थेट ट्रकच्या चाकाच्या बाजूला पडतो. अशा रस्त्यावरून चौदा वर्षांच्या पोराला "घरून चालवत जा" म्हणणारा सल्ला बिनकामाचा आहे.

जंगलाच्या कच्च्या वाटा? टिपेश्वर हे अभयारण्य आहे, तिथे सायकलचा विषयच नाही. बाहेरच्या जंगलपट्ट्यातही वाघाचा वावर आहे. पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, त्याआधीचे दिवस या जिल्ह्यातला माणूस विसरलेला नाही. रेल्वे म्हणाल तर वणीहून नंदिग्राम एक्स्प्रेस जाते, सायकल सामान म्हणून बुक करता येते, पण नंदिग्राम काही डोंगरात नेऊन सोडत नाही. खरे चढ हवे असतील तर जिवती-माणिकगडचा डोंगर गाठावा लागतो, नाहीतर सुटी काढून चिखलदरा. म्हणजे गाडी आली. गाडी आली म्हणजे सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न आला. तो खरा प्रश्न आहे, चैनीचा नाही.

आता मूळ मुद्दा. डिक्कीच्या रॅकवर सायकल आडवी लागते. घरी असलेला टेप घ्या आणि सायकल मोजा. मोठ्या माणसाची माउंटन बाइक पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंत साधारण १.८ ते १.९ मीटर भरते. आता गाडीची रुंदी बघा. अल्टो के-१० ची १.४९ मीटर, वॅगन आरची १.६२, स्विफ्टची १.७३५. म्हणजे १.८५ मीटरची सायकल वॅगन आरच्या मागे लावली की दोन्ही बाजूंना अकरा-बारा सेंटिमीटर बाहेर, आणि अल्टोच्या मागे लावली की प्रत्येक बाजूला वीतभराला थोडं कमी. ज्या परदेशी फोटोंवरून आपण हा रॅक पसंत करतो, त्यातल्या गाड्यांची रुंदी बघा, मग कळेल की त्यांना हा त्रास का वाटत नाही. आपल्या रस्त्यावर ओव्हरटेक करणारा मोटरसायकलवाला गाडीच्या अंगाचा अंदाज घेऊन कट मारतो. बाहेर आलेलं चाक त्याच्या गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर असतं, आणि ते त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट दिव्यांची आणि नंबर प्लेटची. दोन सायकली मागे टांगल्या की ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि पाटी यातलं काही ना काही झाकलं जातंच. युरोपात असा रॅक गाडीच्या टो-हुकवर बसतो, त्यालाच वेगळी दिव्यांची पट्टी असते आणि तिच्यावर जास्तीची नंबर प्लेट लावतात. १९४२ सालापासूनची थुलेसारखी स्वीडिश कंपनी असे रॅक बनवते ते तिथल्या व्यवस्थेला धरून. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट येते, पुढे एक, मागे एक. रॅकवर लावायला तिसरी पाटी आणायची कुठून? पेंटरकडून रंगवून घेतली तर ती पाटी कायद्याने पाटीच नाही.

आणि पाटीचा मुद्दा सोडा, दिव्यांचा विचार करा. हिवाळ्यात संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार पडतो. हवेत कोळशाची धूळ. मागे भरलेला टिप्पर. तुम्ही ब्रेक दाबलात हे त्याला एकाच गोष्टीवरून कळणार आहे, आणि त्या लाल दिव्यासमोर तुम्ही सायकलचं चाक टांगून ठेवलंय! स्वस्त रॅक घेऊन वाचवलेल्या पैशांचा हिशोब इथे मांडून बघा.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत आहे, कारण ते ओव्हरलोड ट्रकचं कलम आहे. ट्रक जास्त भरले, वरून ताडपत्री नाही, कोळसा सांडतो, आरटीओ काय करते, असं आपण रोज बोलतो. बरोबरच बोलतो. पण त्याच कलमात २०१९ च्या दुरुस्तीने १-अ हे पोटकलम आलं. गाडीवरचं सामान बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर आलं तर वीस हजार रुपये दंड, वर ते उतरवायचा खर्च वेगळा. हे पोटकलम फक्त ट्रकला आहे असं कुठे लिहिलेलं नाही. "आपल्याला कोण पकडतं भाऊ?" असं म्हणून आपण चाकं बाहेर काढून फिरणार असू, तर ट्रकमालकही नेमकं हेच म्हणतो. त्याच्याकडे बोट दाखवायचा हक्क मग आपल्याकडे उरत नाही. मला या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त खटकतं ते हे.

डिक्कीच्या रॅकची बाजू घेणारे काय म्हणतात तेही बघू. "पुढचं चाक काढून लावा, मग बसते." मान्य. चाक काढलं की लांबी साधारण दीड-पावणेदोन मीटरवर येते आणि स्विफ्टच्या रुंदीत कशीबशी मावते. पण दिवे आणि पाटी तरीही झाकलेलीच. शिवाय या रॅकचा सगळा भार आकड्यांवर आणि नायलॉनच्या पट्ट्यांवर असतो. आकडे डिक्कीच्या पत्र्याच्या कडेत अडकतात. कडेला प्लास्टिकचा स्पॉयलर किंवा नुसती काच असेल तर रॅक बनवणारेच "लावू नका" म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, उन्हात पडून नायलॉन कसा कुजतो ते शेतावरच्या दोऱ्या बघितलेल्या माणसाला सांगायला नको. आणि मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं तर टायर गरम हवेत भाजतो ते वेगळंच.

मग घ्यायचं काय?

दोन माणसं आणि दोन सायकली असतील तर काहीच घेऊ नका. मागची सीट पाडा, दोन्ही चाकं काढा, जुनी चादर अंथरा आणि सायकली आत आडव्या घाला. गिअरची बाजू वर. ब्रेक हायड्रॉलिक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठा घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात आणि डोंगराच्या पायथ्याशी डोकं धरून बसायची पाळी येते. या पद्धतीत खर्च शून्य, चोरीची भीती नाही, आणि साखळीवर कोळशाची धूळ बसत नाही. धूळ आणि तेल मिळून जी काळी पेस्ट होते, ती साखळी आणि गिअर कशी खाते ते वणीकरांना ठाऊक आहे.

माणसं जास्त असतील तर टपावर. यात नवीन काही नाही हो! एसटीच्या टपावर शिडीने चढून सायकल, पोती, टोपल्या बांधलेल्या आपल्या आधीच्या पिढीने पाहिल्या आहेत. टपावर दिवे झाकत नाहीत, पाटी झाकत नाही, चाकं बाजूला येत नाहीत. पण इथेही डोळे उघडे ठेवून घ्या. पहिलं म्हणजे छतावरचे रेल खरे की शोभेचे ते बघा. बऱ्याच गाड्यांवर ते नुसते चिकटवलेले असतात. किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं, शोरूममधल्या पोराच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. समजा मर्यादा ५० किलो आहे. दोन आडव्या दांड्या सहा किलो, दोन सायकलींचे ट्रे नऊ किलो, आणि पंधरा किलोच्या दोन सायकली म्हणजे तीस. झाले पंचेचाळीस. तिसरी सायकल चढवली की साठीच्या पुढे गेलात. तिसरी आत घाला.

पुढचा अ‍ॅक्सल कोणता ते बघूनच ट्रे निवडा. जुन्या सायकलींना ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज असतो, नव्या माउंटन बाइकला बऱ्याचदा १५ मिलिमीटरचा थ्रू अ‍ॅक्सल. काटा पकडणारा ट्रे घेतला आणि अ‍ॅक्सल जुळला नाही तर ट्रे घरी शोभेला. फ्रेम कार्बनची असेल तर नळीला चिमटा लावणारा ट्रे नको, चाक धरणारा घ्या. उभी सायकल धरून गाडीची उंची अडीच-पावणेतीन मीटर होते. ती कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. लग्नाचे मांडव, झाडाच्या फांद्या, लोंबत्या तारा आणि हॉटेलची पोर्च यांना तुमच्या सायकलीचं काही घेणंदेणं नाही. वेग ऐंशीच्या आत ठेवा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ऐंशीचे शंभर केले की रेटा दीडपटीहून जास्त.

"काहून येवढा खर्च करून राह्यले, आपला वेल्डिंगवाला हजारात करून देते" असंही कोणी म्हणेल. वेल्डिंगवाल्याच्या हाताबद्दल मला आदरच आहे. खऱ्या दांड्यांवर नटबोल्टने बसणारा ट्रे त्याने बनवला तर जरूर वापरा. मात्र गाडीच्या छताला भोक पाडू देऊ नका आणि बाजूला निघणारं एकही टोक ठेवू देऊ नका.

एक शेवटचं. रॅक घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असं समजू नका. आपण गाडीत सायकल घालून कोळशाचा पट्टा ओलांडून जाऊ शकतो, पण शाळेत सायकलने जाणारी पोरं आणि खाणीवर पाळीला सायकलने जाणारा माणूस त्याच रस्त्यावर राहणार आहेत. त्यांच्यासाठी कडेची पट्टी झाडून घ्या, ट्रकवर ताडपत्री टाका, ही मागणी आपण करायलाच हवी. आणि ती मागणी घेऊन जाणाऱ्याच्या गाडीची मागची पाटी तरी स्वच्छ दिसली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

तर त्या दोघांनी पैसे आत्ताच काढू नयेत. रविवारी टेप घेऊन आधी सायकल मोजा, मग गाडी मोजा, गाडीच्या पुस्तकातलं छताचं वजन बघा, आणि मग मला फोन करा.