पाकिटातलं मीठ मोजलंत का?

बीपी म्हणजे आजोबांचं दुखणं, असं वाटतं ना? चीनच्या ६०० गावांत सुमारे २१ हजार जणांवर प्रयोग झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, बीपी वाढलेले लोक. निम्म्या गावांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाचेक वर्षांनी, २०२१मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी! (किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये.)

पण तिथलं बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातलं. तुमचं वेफर्स, नूडल्स, शेजवान चटणीतूनही येतं. नुसती घरातली बरणी बदलून भागेल का? त्यात पाकिटावर छापतात सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. दिवसाची मर्यादा? ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चमचाभर, घरच्या जेवणासकट.