गुरुजींचा गळ

दोस्तांनो, तुमचे हे गुरुजी लहानपणापासून गळवेडे आहेत बरं का! सातव्या वर्षी आजोबांनी बांबूची काठी हातात दिली. तरंगायला भेंडाचा तुकडा, आमिषाला गांडूळ. तुकडा बुडाला, की छातीत धडधड! आणि शिंगटी सोडवताना तिचा काटा बोटात घुसला, की डोळ्यांत पाणी!

एकदा मृगाच्या पहिल्या पुरात मासे ओढ्यातून वर शेतांकडे निघाले. हेच चढणीचे मासे. मी एक भलीमोठी शिंगटी पकडून ऐटीत घरी आणली. आईने चिरली, तर पोट अंड्यांनी गच्च! आजोबा एवढंच म्हणाले, "बाबू, एक मासो नाय, अख्खी शाळा मारलंस!" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चढण म्हणजे माशांची अंडी घालायला जायची वाट. समुद्रातल्या बऱ्याच माशांचाही हाच हंगाम. म्हणून कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आपल्या ओढ्यावर मात्र पहारा आपणच ठेवायचा. मी अजून रविवारी नदीवर जातो. पण जून-जुलैत गळ माळ्यावर! काय, पटतंय ना?