तर्कबुद्धीची परीक्षा आणि मराठीचा वर्ग

मराठी विषय घेऊन पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटेवर आज दोन परीक्षा उभ्या आहेत, आणि दोन्हींत त्याची गाठ साहित्याआधी तर्काशी पडते. पहिली बी.एड.ची राज्य सामाईक प्रवेश परीक्षा. ९० मिनिटांत १०० प्रश्न. त्यांपैकी ४० बौद्धिक क्षमतेचे, ३० सामान्य ज्ञानाचे आणि ३० शिक्षक अभियोग्यतेचे. दुसरी परीक्षा ‘नेट’. तिच्या पहिल्या पेपरातील ५० प्रश्न दहा घटकांत विभागलेले असून आकलन, गणिती तर्क, तर्कशास्त्र आणि माहितीचे अर्थनिर्वचन हे त्यांतील चार घटक होत. २०२४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘नेट’चे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची वाट मोकळी केली. तेव्हापासून ही परीक्षा प्राध्यापकीच्या पात्रतेपुरती राहिली नाही. संशोधनाच्या दारावरची प्रवेशपरीक्षाही झाली. ज्ञानेश्वरीवर किंवा दलित आत्मकथनांवर संशोधन करू इच्छिणाऱ्याला आधी संख्यामालिका पूर्ण करून दाखवावी लागते.

याबद्दल मराठीच्या अध्यापकांत दोन प्रकारची प्रतिक्रिया आढळते. काहींना हा साहित्याच्या विद्यार्थ्यावरचा अन्याय वाटतो. काहींना तो क्लासवाल्यांचा विषय वाटतो. विद्यार्थ्याने महिना-दोन महिने शिकवणी लावावी आणि मोकळे व्हावे. औशासारख्या तालुक्याच्या गावी ही दुसरी प्रतिक्रिया अधिक स्वाभाविक, कारण लातूर हाकेच्या अंतरावर आहे आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. आमचे मत या दोहोंपेक्षा वेगळे आहे. तर्काचा हा भाग मुळात भाषेचा भाग आहे, म्हणून तो मराठीच्या वर्गातच शिकवला गेला पाहिजे, आणि तसा तो शिकवला तर परीक्षेबरोबर साहित्याच्या अभ्यासाचेही भले होईल, असे आम्हांस वाटते.

प्रथम भाषेचा मुद्दा घेऊ. तर्काच्या प्रश्नांत विद्यार्थी अडखळतो तो बहुधा ‘काही’, ‘सर्व’, ‘फक्त’, ‘किमान’, ‘म्हणून’ अशा चिमुकल्या शब्दांपाशी. ‘काही कवी समीक्षक आहेत’ असे आपण बोलताना म्हणतो तेव्हा ‘आणि काही नाहीत’ हे ऐकणारा मनातच जोडून घेतो. तर्कशास्त्रातला ‘काही’ मात्र एवढेच सांगतो की निदान एक तरी कवी समीक्षक आहे. सगळेच कवी समीक्षक असले तरीही ते विधान खरेच राहते. बोलीतली सवय घेऊन परीक्षेला बसलेला हुशार विद्यार्थी येथे हमखास चुकतो, आणि आपण का चुकलो हे उत्तरसूची पाहूनही त्याला उमगत नाही. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ हे वाक्य त्याहून अवघड. त्याचा अर्थ ‘एकही आला नाही’ असाही होतो आणि ‘काहीच आले’ असाही. आवाजाच्या चढउतारातून आपण तो फरक करतो. छापील प्रश्नात आवाज नसतो. नकार नेमका कशाला लागतो, कर्त्याच्या विशेषणाला की क्रियापदाला, हा व्याकरणाचा निखळ प्रश्न आहे. तो शिकवण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकाखेरीज कोणाचा असणार? ‘नेट’चा पहिला पेपर इंग्रजी व हिंदीत असतो, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला हे शब्द परक्या वाक्यरचनेतून ओळखायचे असतात. मातृभाषेतच ज्याला ते नीट हेरता आले नाहीत, त्याला दुसऱ्या भाषेत कसे हेरता येणार?

आता एक अनुमान पाहा. ‘सर्व कादंबऱ्या गद्य आहेत. काही गद्य ललित आहे. म्हणून काही कादंबऱ्या ललित आहेत.’ साहित्याचा विद्यार्थी या निष्कर्षाला चटकन ‘बरोबर’ अशी खूण करतो. निष्कर्ष खराच आहे. पण दिलेल्या विधानांतून तो निघत नाही. ‘कादंबऱ्या’ काढून तेथे ‘शासन निर्णय’ हे शब्द घालावेत. सर्व शासन निर्णय गद्य असतात, काही गद्य ललित असते, म्हणून काही शासन निर्णय ललित असतात! सांगाडा तोच; निष्कर्षाचे हसू मात्र आता सर्वांना येते. जे आपल्याला आधीच पटलेले आहे त्याच्या बाजूने दिलेला कोणताही युक्तिवाद आपल्याला बरोबर वाटतो, ही मनाची जुनी खोड आहे, आणि तिने प्रवेशपरीक्षेपेक्षा समीक्षेचे नुकसान अधिक केले आहे. ‘शिक्षणाचा प्रसार झाला आणि त्याच काळात ग्रामीण साहित्य बहरले, म्हणून शिक्षणप्रसारामुळे ग्रामीण साहित्य बहरले’ अशा धर्तीची वाक्ये मार्गदर्शकांत आणि प्रबंधांतही सर्रास आढळतात. दोन गोष्टी एकाच काळी घडल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कदाचित ती असेलही. पण ते दाखवायला लेखकांची शिक्षणाची वाटचाल, नियतकालिकांचा प्रसार, वाचकवर्ग कोठून आला, हे सारे तपासावे लागेल. हा ‘म्हणून’ कोठून आला, असे विचारण्याची सवय ज्या वर्गात लागते तेथे प्रवेशपरीक्षेचा सराव आपोआप होतो.

या गोष्टी साहित्याला परक्या आहेत असे म्हणणाऱ्यांनी आपलाच अभ्यासक्रम पुन्हा वाचावा. भरताच्या रससूत्रावरील चार मते एम.ए.चा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद आणि अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. अनुमितिवाद म्हणजे काय? नटाच्या ठिकाणच्या अनुभावादी चिन्हांवरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो, ही भूमिका. धुरावरून अग्नी ओळखण्याच्या न्यायदर्शनातील कल्पनेचाच हा नाट्यावरचा प्रयोग. पुढे महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ध्वनीच अनुमानात सामावतो असे प्रतिपादन केले. आणि ‘नेट’च्या पहिल्या पेपरात आज प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी ही प्रमाणे, व्याप्ती आणि हेत्वाभास हे विषय तर्कशास्त्राच्या घटकात नेमलेले आहेत. म्हणजे विद्यार्थी सकाळी मराठीच्या तासाला शंकुकाचे मत लिहून घेतो आणि सायंकाळी अनुमान शिकण्यासाठी पैसे भरून दुसरीकडे जातो. सकाळच्या तासाला मताचे नाव मिळाले, मत कसे सिद्ध होते किंवा कोठे ढासळते हे मिळाले नाही, म्हणूनच त्याला सायंकाळी जावे लागते.

संख्यांची कथाही वेगळी नाही. मराठी भाषेच्या इतिहासात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख आपण शिकवतो तो प्राचीन मराठीचा नमुना म्हणून. तेराव्या शतकाच्या प्रारंभीच्या त्या लेखाचा विषय मात्र भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेला मठ हा आहे, आणि त्यातील मराठी भागात बाजारातल्या उत्पन्नापैकी मठाला किती हिस्सा, घाण्यामागे किती तेल, असा हिशेब मांडलेला आहे. मराठीच्या जुन्या नमुन्यांपैकी एक असा गणिताच्या शाळेचा जमाखर्च आहे! स्वतः भास्कराचार्यांची ‘लीलावती’ १२व्या शतकातली. तिच्यात भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या चित्रांतून उदाहरणे श्लोकबद्ध केलेली आहेत. काव्य आणि गणित ही दोन वेगळी खाती आहेत ही समजूत त्या काळाची नव्हे.

आणि आपल्या घरातली भाषा? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मागच्या पिढ्यांनी तोंडपाठ केले होते. शाळेतून ते गेले, तरी ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द उरले आहेत आणि त्या शब्दांतच गणित दडलेले आहे. परीक्षेतला नेहमीचा प्रश्न असा: एखाद्या वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढली, ती मूळ पदावर आणण्यासाठी किती टक्के कमी करावी? बहुतेक जण २५ म्हणतात. सूत्र पाठ असलेले २० म्हणतात. पण मराठीत विचार करणाऱ्याला सूत्र लागत नाही. २५ टक्क्यांनी वाढली म्हणजे सव्वापट झाली. सव्वा म्हणजे पाच पाव. पाचांतला एक पाव काढला की मूळचे चार पाव उरतात. पाचांतला एक, म्हणजे २० टक्के. दीडपट झाली असेल तर तीन निमक्यांतली एक काढावी, म्हणजे तिसरा हिस्सा. आडतीवर सोयाबीनचा भाव करणाऱ्या बापाच्या तोंडी ही भाषा असते. मुलगा मात्र ती गावंढळ समजून बाजूला ठेवतो आणि सूत्रांची पुस्तिका विकत घेतो.

संख्येचे वाचन हे अखेर मजकुराचेच वाचन असते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी. मथळ्यात ‘५ लाख लिटर’ हा आकडा प्रचंड वाटतो. २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. भागाकार केला की माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी येते, एका तांब्याहून फारसे अधिक नाही. पुढे ५० वाघिणींच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यांतले २५ लाख लिटर वाटले तर माणशी साडेसहा लिटर. याचा अर्थ ती रेल्वे निरुपयोगी होती असा नाही. तसा निष्कर्ष काढणारा पुन्हा तर्कातच चुकेल, कारण शहराला त्याच वेळी इतर मार्गांनीही पाणी मिळत होते, आणि टंचाईत तांब्याभर पाण्यालाही मोल असते. मुद्दा एवढाच की भागाकार करेपर्यंत तो आकडा एक विशेषण होता. ‘प्रचंड’ या शब्दाच्या जागी छापलेला. विशेषणांकडे संशयाने पाहायला शिकवणे हे तर आमचे रोजचे काम आहे.

या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की तर्काच्या अतिरेकाने रसिकता मरते. त्यावर आमचे उत्तर आमच्याच विभागातले आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे समीक्षालेखन ज्यांनी वाचले आहे, त्यांना प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडून, त्यामागची गृहीते एकेक करून उलगडण्याची त्यांची रीत ठाऊक असेल. संगीतापासून नाट्यशास्त्रापर्यंत त्यांचा रस पसरलेला होता. तर्काने तो कोठे आटलेला दिसत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हेही मुळात साहित्याचेच अभ्यासक. ज्या लातूरला आज सारे गुणांच्या गणितासाठी ओळखतात, त्याच्या शैक्षणिक उभारणीत साहित्याचा माणूस होता हे विसरू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि त्यात तथ्य आहे. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. तेवढ्यात विवेचन कोण करणार? तेथे वेगच हवा, आणि वेग सरावानेच येतो. सरावाला आमचा विरोध नाही. पण ज्याला वाट ठाऊक नाही त्याने धावण्याचा सराव करून काय साधणार? एकाच साच्याचे शंभर प्रश्न सोडवलेला विद्यार्थी साचा बदलला की थांबतो. शिवाय महिन्याचे शुल्क, खोलीभाडे आणि खाणावळ हे सर्वांना परवडत नाही. औशाच्या आसपासच्या गावांतून एस.टी.ने येणाऱ्या मुलींपैकी अनेकींना सायंकाळच्या शिकवणीसाठी लातूरला राहणे घरून मान्य नसते. त्यांच्यासाठी महाविद्यालयातला तासच काय तो आहे. तेथे हे शिकवले नाही तर ते त्यांना कोठेच मिळणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठी विभागाने आठवड्याचा एक तास या कामाला द्यावा. त्या तासाला पाचच प्रश्न घ्यावेत, पण प्रत्येकाचे उत्तर पूर्ण मराठी वाक्यांत लिहून घ्यावे: हा पर्याय का बरोबर, आणि उरलेले तीन का चूक. ‘का चूक’ हे लिहिताना जी झटापट होते तीच खरी शिकवण. गृहीतक ओळखण्याचे प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि समीक्षाग्रंथांतून विद्यार्थ्यांनीच तयार करावेत. उदाहरणार्थ, ‘हा मुलगा गणितात कच्चा आहे, म्हणून त्याने मराठी घ्यावे’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. त्यात न बोललेले गृहीत कोणते? मराठीला काटेकोर बुद्धी लागत नाही, हे. विद्यार्थ्याने ते स्वतः शोधून काढावे आणि खोडूनही दाखवावे. शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून सराव करावा, त्याआधी नको.

यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, मंजुरी लागत नाही, गणिताच्या अध्यापकाची फार तर महिन्यातून एकदा मदत लागेल. विद्यार्थ्याला बी.एड.ला वा संशोधनाला प्रवेश मिळेल की नाही हे अनेक गोष्टींवर ठरते, आणि त्या साऱ्या आमच्या हातात नाहीत. पण ‘काही’ आणि ‘सर्व’ यांतला फरक न कळल्यामुळे मराठीच्या पदवीधराचा प्रवेश हुकावा, हे मात्र मराठी विभागांना टाळता येण्याजोगे आहे.